पावसात पोरांना दाखवलेला ‘द क्रिमझन पायरेट’ (१९५२): एवढा का चालला?

एरंडेल

मंडळी, प्रश्न एकच आहे, पण थोडं पाल्हाळ सहन करा.

मी डोंबिवलीत संध्याकाळी मुलांना दोरीचा मल्लखांब शिकवतो. नोकरी सांभाळून, बावीस वर्षं झाली. जुलैत दोर भिजला की खेळ खलास. सुती दोर एकदा पाणी प्यायला की दांडक्यासारखा ताठ होतो, पायाच्या अंगठ्यात आणि बोटात धरवत नाही, आणि वाळायला दोन-दोन दिवस घेतो. मागच्या शनिवारी हॉलचं छप्पर नेमकं दोराच्या कडीपाशी गळलं. तोवर चौदा पोरं येऊन बसली होती, आया छत्र्या घेऊन सोडून गेल्या होत्या. परत कसं पाठवणार? पुतण्याचा प्रोजेक्टर आणला, भिंतीवर चादर ठोकली आणि माझ्याकडे पेन ड्राइव्हवर होता तो ‘द क्रिमझन पायरेट’ लावला.

“सर, जुना आहे? रंगीत तरी आहे ना?” इथून सुरुवात. रंगीत आहे म्हटलं, टेक्निकलर. त्यातला समुद्र इतका निळा आहे की कुणी नीळ कालवून ठेवल्यासारखा.

सिनेमा इंग्रजीत, खाली अक्षरं नाहीत. म्हणून मी शेजारी उभा राहून मराठीत सांगायला लागलो, की हा व्हॅलो, समुद्री चाचा. हा त्याचा मुका दोस्त ओहो. आणि हा दुष्ट बॅरन. दहा मिनिटांनी एक पोरगा म्हणाला, “सर, तुम्ही बाजूला व्हा ना, दिसत नाहीये.” झालं, बसलो गप. पुढचा दीड तास एकही पोर पाणी प्यायला उठलं नाही. मधे मात्र एक अकरा वर्षांची मुलगी, दोरावर सगळ्यात चांगलं काम तिचंच, हळूच विचारते, “सर, ह्यांच्या खाली गादी आहे का?”

मला उत्तर आलं नाही.

गंमत अशी, की गेल्या वर्षी ह्याच पोरांना एक नव्या जमान्यातला चाच्यांचा सिनेमा दाखवला होता. अफाट खर्चाचा, लाटा-बिटा सगळ्या संगणकावर केलेल्या. मध्यंतरापर्यंत अर्धी पोरं व्हरांड्यात पकडापकडी खेळत होती.

तर प्रश्न असा, की सत्तर वर्षांपूर्वीच्या ह्या सिनेमात आहे काय? आणि असेल तर त्याचं नाव कुणाच्या तोंडी का नाही? चांगल्या सिनेमांच्या याद्या निघतात त्यात हा मला कधी दिसला नाही. की मी दोरीवाला, म्हणून मलाच दोरीवर लटकणारा माणूस थोर वाटतो? पुढच्या पावसात काय दाखवू, तेही सुचवा.

---

निशाचर

काका, राग मानू नका, पण याद्यांत नसण्याला कारण आहे. सिनेमा पोरकट आहे. दिग्दर्शक रॉबर्ट सिओडमॅक. ह्या माणसाने १९४६ साली ‘द किलर्स’ केला, बर्ट लँकेस्टरचा पहिला सिनेमा. त्यात सावल्यांचा काय वापर आहे! आणि सहा वर्षांनी तोच दिग्दर्शक, तोच नट, आणि काय? कोलांट्या.

गोष्टीला बूड नाही. व्हॅलो बंडखोरांना बंदुका विकणार, मग बंडखोरांच्या पुढाऱ्यालाच बॅरनला विकणार, मग पुढाऱ्याच्या मुलीवर जीव जडणार आणि गडी सुधारणार. इव्हा बार्टोक बिचारी काय करते? उभी राहते आणि छान दिसते. शेवटाकडे तर बलून काय, पाणबुडी काय, नायट्रोग्लिसरीनसारखं स्फोटक काय! गोष्ट अठराव्या शतकातली आणि नायट्रोग्लिसरीनचा शोध १८४७ चा. मुलांना हे कोण सांगणार?

सुरुवात तेवढी झकास आहे, मान्य. राजाच्या जहाजाला समुद्रात एक गलबत दिसतं, डेकवर सगळे स्कर्व्हीच्या रोगाने मेलेले. जवळ जाऊन बघतात तर मढी उठून उभी राहतात आणि जहाज ताब्यात घेतात. त्यानंतर मी घड्याळ बघत होतो.

---

पडदानशीन

निशाचर, पोरकट आहे हे खरं, पण तो ठरवून पोरकट केलाय. मूळ पटकथा गंभीर होती. लिहिली होती वॉल्डो सॉल्टने, पण तो तेव्हा हॉलिवूडच्या काळ्या यादीत (कम्युनिस्ट म्हणून काम नाकारलेल्यांच्या) सापडला आणि पडद्यावर श्रेय गेलं रोलंड किबीला. (ह्याच सॉल्टला पुढे ‘मिडनाइट काउबॉय’साठी ऑस्कर मिळालं.) सिओडमॅकने ते गंभीर बाड हातात घेऊन त्याचा फार्स केला. बंड, जुलमी सत्ता, शस्त्रांचा व्यापार ही हाडं अजून तशीच आहेत बघा, वर फक्त टोपी विदूषकाची.

एरंडेलसर, तुमच्या मुलीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर माझ्याकडे आहे. लँकेस्टर नट होण्याआधी सर्कशीत होता. त्याचा जोडीदार निक क्रॅव्हॅट, म्हणजे सिनेमातला मुका ओहो. दोघं न्यूयॉर्कमधले लहानपणचे मित्र, आणि १९३० च्या दशकात ‘लँग अँड क्रॅव्हॅट’ ह्या नावाने आडव्या बारवरच्या कसरती करत गावोगाव फिरले. लँकेस्टरच्या हाताला दुखापत झाली तेव्हा ते सुटलं. पुढे तो स्टार झाला आणि त्याने पहिल्यांदा काय केलं, तर जुन्या जोडीदाराला बोलावून घेतलं. १९५० साली ‘द फ्लेम अँड द ॲरो’, १९५२ साली हा. दोन्हींत क्रॅव्हॅट मुका आहे, कारण त्याची न्यूयॉर्कची बोली इतकी ठसठशीत होती की जुन्या काळातल्या इटालियन गावकऱ्याच्या किंवा चाच्याच्या तोंडी ती शोभलीच नसती! आपल्याकडे शिवकालीन नाटकात मावळा “अरे भाई” म्हणाला तर कसं वाटेल, तसं.

बाहेरचं चित्रीकरण नेपल्सजवळच्या इस्किया बेटावर झालंय. म्हणून ती घरं, त्या गच्च्या, ते ऊन खरं वाटतं. आणि बॅरनच्या माणसांत एक उंच, काळसर चेहऱ्याचा अधिकारी आहे, तो ड्रॅक्युलावाला क्रिस्टोफर ली. तेव्हा त्याला कोणी ओळखत नव्हतं.

नाव का नाही ह्याचं माझं उत्तर: लँकेस्टरच्या नावावर पुढच्याच वर्षी ‘फ्रॉम हिअर टू इटर्निटी’ जमा झाला, मग ‘एल्मर गँट्री’चं ऑस्कर, मग ‘द लेपर्ड’. एवढं थोर काम पुढे आल्यावर त्याच्या उघड्या अंगाच्या माकडउड्या कोण आठवणार? समीक्षकांना नट घाम गाळताना बघायला आवडतो, पण तो घाम दुःखाचा हवा.

---

तांडेल७१

बोटीवर छत्तीस वर्षं काढली, इंजिनरूममध्ये. चाच्यांच्या सिनेमांवर माझा सहसा विश्वास नाही. शिडं एका दिशेला फुगलेली आणि झेंडा उलट्या दिशेला फडफडतोय, असलं बघून डोकं उठतं. पण हा पाहिलाय, आणि होडीच्या प्रसंगावर बोलल्याशिवाय राहवत नाही.

व्हॅलो, ओहो आणि तो प्रोफेसर, तिघांना साखळदंड घालून होडीत सोडून देतात. हे होडी उलटी करतात, तिच्या पोटात अडकलेल्या हवेत डोकी घालतात आणि समुद्राच्या तळावरून चालत किनाऱ्याला येतात. २००३ च्या ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’मध्ये हेच आहे, आणि लोकांना वाटलं काय नवी शक्कल!

आता हिशेब. होडीखाली चारशे लिटर हवा धरा. समुद्राचं पाणी लिटरला एक किलोहून किंचित जड, म्हणजे ती हवा होडीला चारशे दहा किलोच्या जोराने वर ढकलणार. लाकूड स्वतः तरंगणारं, ते वेगळंच. तीन माणसांचं पाण्यात वजन जवळपास शून्य. साखळ्या पकडून वीस-पंचवीस किलो धरा. होडी बुचासारखी वर येणार आणि तिघं तिला लोंबकळत. खाली ठेवायची तर चारेकशे किलो शिसं बांधावं लागेल. एडमंड हॅलीने, तोच धूमकेतूवाला, १६९१ च्या सुमारास पाण्यात उतरायची घंटा केली ती अशीच शिशाने जड करून, आणि ताजी हवा खाली पाठवली पिंपांतून. कारण दुसरी अडचण हवेची. चारशे लिटरमध्ये तिघं चालायला लागले की पाच-सात मिनिटांत डोकं भणभणतं.

थोडक्यात, शंभर टक्के थाप. तरी मी तो प्रसंग मागे घेऊन तीनदा पाहिला. बायको म्हणाली, “खोटं आहे ना, मग कशाला बघताय?” तिला काय सांगू? खोटं आहे हे माहीत असूनही प्रत्येक वेळी माझा श्वास अडकला.

---

कुलाबकर

चाच्यांचं एवढं कौतुक चाललंय म्हणून विचारतो, आपल्या कान्होजी आंग्र्यांना इंग्रज ‘पायरेट’च म्हणत होते. मराठ्यांचे सरखेल म्हणजे आरमारप्रमुख, समुद्रावर जहाजांना रीतसर दस्तकं (परवाने) देणारे, १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले तरी न हटलेले! २००७ च्या त्या कॅरिबियनवाल्या सिनेमात हिंदी महासागराचा चाचा म्हणून ‘श्री सुंभाजी’ नावाचं एक ध्यान घेतलंय. ते नाव आलं संभाजी आंग्र्यांवरून. संताप होतो. पोरांना हे सांगा की.

---

निशाचर

कुलाबकर, सांगूच, वेगळा धागा काढा, मी येतो. इथे विषय उड्यांचा आहे.

तांडेलकाका, हिशेबाला दंडवत. पण तुम्ही माझीच बाजू मांडलीत ना? थाप आहे म्हणताय आणि तीनदा बघताय.

---

एरंडेल

सगळ्यांचे आभार. पडदानशीनताई, सर्कशीचं मला ठाऊक नव्हतं, शपथेवर सांगतो. पण बारवरचा माणूस आहे हे खांद्यांवरून वाटलं होतं. दोरीवाल्याचं काम पोटात आणि मांड्यांत असतं, बारवाल्याचं खांद्यांत. लँकेस्टर डोलकाठीवरून दोर धरून येतो तेव्हा पाय नुसते मागून येतात, शेपटीसारखे. मी असतो तर ओरडलो असतो, “पाय जुळव!” पण हात कसा सोडतो पाहा. झोक्याच्या टोकाला एक क्षण असा येतो की अंगाला वजनच उरत नाही. कच्चं पोर त्याच्या आधी सोडतं किंवा नंतर. आधी सोडलं तर पुढे फेकलं जातं, नंतर सोडलं तर दोर मागे ओढतो. हा बरोबर तिथे सोडतो, आणि इतका सावकाश की जणू टोपी खुंटीला अडकवतोय.

तांडेलसाहेबांनी होडीचा हिशेब दिला त्यावरून मला सुचलं. सिनेमाच्या पहिल्याच मिनिटाला लँकेस्टर दोरावरून येतो आणि आपल्याकडे बघून बजावतो, की दिसेल त्यातलं निम्मंच खरं माना. निशाचर, तुम्ही ज्याला हसताय ती पाणबुडी, तो बलून, ते नायट्रोग्लिसरीन हे खोटं निम्मं. ते खोटं म्हणूनच दाखवलंय, जत्रेतल्या पडद्यासारखं. आणि ज्याच्यावर विश्वास बसू नये, म्हणजे दोन माणसं छपरावरून गॅलरीत, गॅलरीतून खांबावर, मागे सैन्य, आणि हे दोघं दात काढून हसतायत, ते खरं निम्मं. नव्या सिनेमात दोन्ही निम्मी एकाच यंत्रातून निघतात. म्हणून पोरं व्हरांड्यात गेली, असं मला वाटतं. पोरांना भौतिकशास्त्र कळत नाही, पण कोण पडू शकतं आणि कोण नाही हे बरोबर कळतं. ज्यांची स्वतःची ढोपरं फुटलेली आहेत त्यांना तर नक्कीच.

अजून एक. कॅमेरा लांब आहे. पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत अख्खा माणूस दिसतो, उडीची सुरुवात आणि शेवट एकाच तुकड्यात. आमच्या स्पर्धांचे व्हिडिओ काढणारे पालक नेमकं हेच चुकतात. पोराचा चेहरा जवळून घेतात आणि पाय कापतात! मग मी त्या व्हिडिओतून काय शिकवू?

निशाचरांचं एक मात्र बरोबर आहे. इव्हा बार्टोकला काही काम नाही. माझ्या चौदांत नऊ मुली आहेत, आणि त्यातल्या एकीने विचारलंच, “ती का नाही उडी मारत?” त्याचं उत्तर त्या सिनेमाकडे नाही. माझ्याकडेही नव्हतं.

आता खरं सांगतो, मी हा धागा का काढला. १९८८ ते ९४ मी पुरलेल्या मल्लखांबावर जोडीचं काम करायचो. जोडीदार माझ्याहून बुटका, काटक, आणि बोलायला अगदी कमी. गणपतीत प्रात्यक्षिकं असायची. खाली ढोल इतके वाजत की ओरडून काही उपयोग नसे. त्याचा हात येणार हे मला श्वासावरून कळायचं. मी वर वेल घेताना, म्हणजे खांबाला वेढे घालत चढताना, तो खालून एकदा नाकाने जोरात श्वास सोडायचा, की समजायचं, हात तयार आहे. सहा वर्षांत एकदाही बघून पकडलं नाही. पंच्याण्णव साली तो नोकरीसाठी इंदूरला गेला. त्या गणपतीत दुसरा मुलगा घेतला, चांगला होता, माझ्याहून चपळ होता. हात आला, पण अर्धा श्वास उशिरा. मनगट गेलं. चूक त्याची नव्हती, सराव माझाच कमी पडला होता. पण जोडीचं काम मी परत केलं नाही, दोरीकडे वळलो, आणि मग शिकवायलाच लागलो.

लँकेस्टर आणि क्रॅव्हॅट एकमेकांकडे बघत नाहीत. तेवढंच मला सांगायचं होतं. एकजण पळता पळता हात मागे टाकतो आणि दुसऱ्याचा हात तिथे असतो. बर्ट लँकेस्टर एवढा मोठा नट, पण ते त्याला एकट्याला अभिनयाने जमलं नसतं. क्रॅव्हॅट मुका आहे हे कथेच्या सोयीसाठी असेल, बोलीमुळे असेल, पण मला ते अगदी बरोबर वाटलं. त्या दोघांना बोलायची गरजच काय?

---

पडदानशीन

सर, आता मला तो परत बघावा लागणार.

पुढच्या पावसासाठी ‘द फ्लेम अँड द ॲरो’ लावा. चाचे नाहीत, मध्ययुगीन इटली आहे, पण जोडी हीच, आणि बारवरचं काम त्यात अजून स्पष्ट दिसतं. शेवटाकडे तर सगळी सर्कसच गढीत शिरते.

---

निशाचर

काल रात्री पुन्हा लावला. गोष्टीला बूड नाही, ह्यावर मी ठाम आहे. पण बाजारातल्या पळापळीचा भाग आवाज बंद करून पाहिला, तुम्ही म्हणालात तसा फक्त हात बघत. घड्याळ पाहिलं नाही, एवढं लिहितो.

---

एरंडेल

निशाचर, आवाज बंद करून बघायची युक्ती चांगली आहे, पोरांवर वापरतो.

परवा पेन ड्राइव्हवरची ती फाइल इंदूरला पाठवली. सोबत काही लिहिलं नाही. काल रात्री साडेअकराला फोन आला. तीस वर्षांत आम्ही दिवाळीला बोलतो तेवढंच. मला वाटलं, लँकेस्टरबद्दल बोलेल. सुरुवातीला नुसता नाकाने श्वास सोडला, मग म्हणाला, “मनगट पावसात दुखतं का रे अजून?”

म्हटलं, दुखतं.

मुलीला गादीचं उत्तर अजून द्यायचंय. ‘फ्लेम अँड द ॲरो’ शोधून ठेवतो. छप्पर अजून गळतंय आणि दोर ओलाच आहे.